जावयानं खाल्लेलं झाड

माझ्या सासुरवाडीच्या ख्रिस्ती मंडळीत नवे पाळक आले की पहिल्या महिन्यातच त्यांना गावातल्या महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या जातात. बोअरची मोटर कधी अडते, देवळाची किल्ली कुणाकडं असते आणि आपल्या जावयानं झाड कसं खाल्लं. पहिल्या दोन गोष्टी पाळक विसरतात. तिसरी विसरत नाहीत. पुढच्या उपासनेला मी दारातून आत आलो की ते माझ्याकडं असं बघतात, की मला माझ्या तोंडाला अजून काहीतरी चिकटलेलं आहे असं वाटतं.

मी मूळचा नांदेडचा. वडील शाळेत शिक्षक. घरात पवित्र शास्त्र रोज वाचलं जायचं आणि कुंडीतल्या तुळशीलासुद्धा पाणी घालायला मला चारदा सांगावं लागायचं. ख्रिस्ती घरात तुळस कशाला, असं कुणी विचारलं तर आई म्हणायची, "खोकल्याला." तर असा मी. जीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पोट भरायला लातूरला आलो, कारण त्या काळात जीवशास्त्रावर पोट भरायचं म्हणजे लातूरलाच यावं लागायचं. भूकंपाला काही वर्षं झाली होती. ज्या गावातून मदतीचे पत्रे, घोंगड्या आणि प्रेतांच्या बातम्या बाहेर जायच्या, तिथून आता मेरिट लिस्टा बाहेर जायला लागल्या होत्या. गल्लोगल्ली क्लास. भिंतीभिंतीवर पोरांचे फोटो. एका हॉलमध्ये दोनशे-अडीचशे लेकरं कोंबायची, माईक लावायचा आणि पेशीभित्तिकेवर असं बोलायचं की मागच्या बाकावरचा पोरगा रडला पाहिजे. मला ते जमायचं. पोरं मला 'बायोवाले सर' म्हणायची. माझा तेवढ्यावरच फुगा झाला होता.

बायको जवळच्याच एका गावची. ते गाव भूकंपात गेलं. म्हणजे गाव जिथं होतं तिथं दगडमातीचे ढीग राहिले आणि माणसं आधी पत्र्याच्या शेडात, मग माळावर बांधलेल्या नव्या वस्तीत आली. एकसारखी घरं, सरळ रस्ते, आणि झाड म्हणून औषधाला एक नाही. तिथं आमच्या लोकांची दहा-बारा घरं. जुन्या गावातलं देऊळ पडलं, नव्या वस्तीत पत्र्याचं एक छोटं देऊळ उभं राहिलं.

त्या देवळाच्या दारात एक शिंदी होती. खजुराच्या जातीचं, काटेरी, ओढ्याकाठी वाढणारं झाड. त्याच्या पानांच्या केरसुण्या करतात, फांद्या फुटत नाहीत, आणि वाढायला ते सरकारी कामासारखा वेळ घेतं. ती शिंदी तिथं आणली होती माझ्या बायकोच्या आत्यानं. जुन्या देवळामागच्या ओढ्याला शिंदीची रांग होती; ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी तिथल्याच झावळ्या हातात घेऊन लोक होसान्ना म्हणत गावातून फिरायचे. भूकंपात आत्याचा नवरा गेला, घर गेलं. शेडातून नव्या वस्तीत जाताना बाकीच्यांनी भांडी-कुंडी नेली. आत्यानं ओढ्यावरनं गुडघ्याएवढं एक रोप खोदून आणलं. तेच हे झाड. जुन्या गावातली जिवंत अशी ती एकच वस्तू नव्या वस्तीत होती. आत्याला धरून दोन, असं आत्याच म्हणायची.

मी लग्न करून त्या घरचा जावई झालो तोवर शिंदीचं खोड लहान पोराच्या छातीएवढं उंच झालं होतं आणि वरच्या झावळ्या माणसाच्या डोक्यावरून जायच्या. दरवर्षी झावळ्यांच्या रविवारी आत्या स्वतः विळ्यानं खालच्या, जुन्या झालेल्या चार-दोन झावळ्या कापायची. त्याच आळीपाळीनं धरायच्या. बाकीच्यांनी हात नुसतेच हलवायचे.

मला ते बघवेना. मी शहराचा माणूस. मोठ्या चर्चमध्ये कोवळ्या, पिवळसर पात्यांचे विणलेले क्रूस मी बघितले होते. इतके सुबक, की लोक ते वर्षभर शास्त्रात घालून ठेवतात. एका वर्षी मी पाळकांना आणि मंडळीला म्हणालो, "यंदा झावळ्यांचं माझ्याकडं द्या. प्रत्येकाच्या हातात क्रूस पाहिजे."

पाळक तरुण होते. त्यांनी मला आणखी चढवलं. "सर, यंदा उपदेशही तुम्हीच करा. सृष्टीची काळजी असा विषय घ्या. तुम्ही सायन्सचे."

जावई, त्यात सर, त्यात सायन्सचे. या तीन गोष्टी एका माणसात आल्या की त्याच्या हातात विळा देऊ नये. पण आत्यानं दिला. "बसा की जावईबापू, च्या घ्या अगुदर," एवढंच ती म्हणाली. मी चहा नको म्हटलं. देवळातली एकुलती एक खुर्ची, म्हणजे पाळकांची, बाहेर काढली आणि तिच्यावर उभा राहिलो.

कोवळी पाती झाडाच्या अगदी मध्यात असतात. तलवारीसारखी बंद, सरळ उभी. मी एक ओढलं, ते आलं. दुसरं आलं. आणखी आत आणखी कोवळं होतं, जवळजवळ पांढरं. काटे टोचत होते आणि प्रत्येक काट्यासरशी मला आपण काहीतरी पुण्य करतोय असं वाटत होतं. विळा आत घालून मी मुळापासून तो अख्खा जुडगा कापला. त्याच्याबरोबर हाताच्या मुठीएवढा पांढराशुभ्र गाभा आला. खोबऱ्यासारखा.

खाली पोरंटोरं जमली होती. त्यांत आत्याची नातही होती, माझ्याच क्लासला लातूरला शिकणारी. सुट्टीला घरी आली होती. "मामा, काय हाय ते?" तिनं विचारलं. क्लासमध्ये ती मला सर म्हणायची आणि गावात मामा.

मी दाताखाली घालून बघितला. गोड! मी तिथंच खुर्चीवर उभ्या उभ्या अर्धा खाल्ला, उरलेल्याचे तुकडे करून पोरांना वाटले आणि वर व्याख्यान दिलं की यात तंतुमय पदार्थ भरपूर असतात.

आत्या दुरून बघत होती. म्हणाली, "वरनं लई बोडकं दिसायलंय, न्हाई का?"

तिचा मुलगा तिला दबक्या आवाजात म्हणाला, "गप ना गं आई. ते सायन्सचे सर हायत. त्यांला म्हाईत न्हाई का?"

आत्या गप्प बसली. त्या गप्प बसण्याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं, ही गोष्ट मला अजून लिहवत नाही.

क्रूस फार सुंदर झाले. प्रत्येकाच्या हातात एक. आणि ते हातात धरलेल्या लोकांपुढं मी सृष्टीच्या काळजीवर उपदेश केला. देवानं पहिल्या माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला, हे सांगितलं. ओझोन सांगितला. प्राणवायू सांगितला. झाडं ही आपली मुकी भावंडं आहेत असं म्हणताना मी हातातला क्रूस उंच धरला. दोन-तीन बायांनी डोळे पुसले. पाळकांनी नंतर माझा हात दाबला आणि मी चेहरा नम्र केला. तो चेहरा मला आरशात करून बघायची सवय होती.

ईस्टर झाला. क्रॅश कोर्स सुरू झाला. क्रॅश कोर्स म्हणजे दोन वर्षांचा अभ्यास दीड महिन्यात पोरांच्या डोक्यात ओतायचा. त्यात रविवारी सकाळी टेस्ट. प्रभूचा दिवस मी मागच्या काही वर्षांत असाच प्रश्नपत्रिकांना देऊन टाकला होता. देवाला समजतं, असं मी बायकोला सांगायचो. बायको म्हणायची, "देवाला समजतं. पालकांना समजत नाही, म्हणून तुम्ही पालकांना धरता."

त्या दिवशी वनस्पतींची वाढ हा धडा होता. मी फळ्यावर एक ताडाचं झाड काढलं आणि माईकवर गर्जना केली. "आंब्याचा शेंडा छाटला तर काय होतं? बाजूनं फांद्या फुटतात! पण ताड, नारळ, शिंदी? यांना वाढीचा कोंब एकच. वर. शेंड्यात. तो गेला की..."

इथं मी दरवर्षी थांबतो आणि अडीचशे पोरं एका सुरात म्हणतात, "खेळ खलास!"

ती म्हणाली. हॉल दणाणला. मी खडू उचलून कोंबाच्या जागी गोल केला, आणि तो गोल करता करता माझा हात थांबला. फळ्यावरच्या झाडाच्या मध्यात पांढरा गोळा होता. मुठीएवढा. मला त्याची चव तोंडात आली.

मी वळलो. मुलींच्या बाजूला दुसऱ्या बाकावर आत्याची नात बसली होती. ती खेळ खलास म्हणाली नव्हती. तिनं वहीवरून मान वर केली होती आणि माझ्याकडं बघत होती. तिनंही एक तुकडा खाल्ला होता.

दहा वर्षं मी तो धडा शिकवत होतो. त्यावर हमखास प्रश्न येतो असं सांगत होतो. एकदाही मला ते झाडाबद्दल असेल असं वाटलं नव्हतं.

क्लास सुटल्यावर ती जिन्यात थांबली होती. "सर," ती म्हणाली. मग इकडंतिकडं बघून, "मामा, मग आपलं झाड?"

"खालच्या झावळ्या हिरव्या असतील अजून," मी म्हणालो. हे उत्तर नव्हतं.

"हिरव्या हायत. आजी म्हणतीय, पावसाळ्यात वरून नवा कोंब येईल. रोज एक घागर घालायलीय ती. टँकर दोन दिसाआड येतोय, तर आंघोळीचं पाणी बी तिकडंच नेतीय. तिला कोण सांगणार?"

"परीक्षा होऊ दे तुमची. मग बघू."

तिनं मान हलवली. विद्यार्थिनी होती ना. पण मामाकडं बघावं तसं तिनं बघितलं आणि ती खाली उतरली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही, पण सांगतो, कारण हसण्यासारखं आहे. मी प्रार्थना केली. लहानपणापासून मी जेवणाआधी, झोपण्याआधी, निकालाआधी हजारो प्रार्थना केल्या असतील. मनापासून केलेली पहिली ही. एका बुंध्यासाठी. देवा, म्हटलं, तू तिसऱ्या दिवशी कबरेवरचा दगड सरकवलास. एका एकदल वनस्पतीला बाजूनं एखादा कोंब फोडणं तुला काय अवघड? पुस्तकाच्या विरुद्ध जाईल, पण मी कुणाला बोलणार नाही. मग स्कूटरवर क्लासला जाताना मला वाटायचं, हा माणूस देवाकडं झाडाचा जीव मागतोय की स्वतःची इज्जत? उत्तर मला माहीत होतं. देवालाही असणार.

आणि रोज, मी मागत असताना, तिकडं एक घागर ओतली जात होती. हे मात्र काही केल्या डोक्यातून जाईना. उन्हाळा आमचा कसा असतो ते आमच्या माणसाला सांगायला नको. माझ्या एक दिवस गप्प राहण्याची किंमत एक घागर होती, आणि ती मी भरत नव्हतो.

शेवटी एका रविवारची टेस्ट मी रद्द केली. क्लासच्या मालकानं विचारलं, "सर, घरात कुणी गेलं का?" मी हो म्हणालो.

बायको आणि मी एसटीनं गेलो. वस्तीत शिरताच लांबून शिंदी दिसली. खालच्या झावळ्या हिरव्या, मध्ये काळं भोक. बुंध्याशी आळं केलेलं, ओलं. आत्या ओट्यावर बसली होती. मला बघून उठली, पदर सावरला, बाजेवर चादर टाकली. "या जावईबापू. आज कसं काय येणं केलाव? आगं, च्या टाक!" ती आत ओरडली.

"आत्या, चहा राहू द्या. झाडाचं सांगायचंय."

"हाव, बगा की. वरून काय बी हलायलं न्हाई अजून."

"हलणार नाही. ते मेलंय."

"हिरवं हाय की वो खाली!"

"खालचं हिरवं राहील काही महिने. पण ते मेलंय. शिंदीला जीव एकाच जागी असतो, वर, गाभ्यात. तो मी कापला. मला ते माहीत होतं, आत्या. मी तेच शिकवतो."

"म्हाईत हुतं?"

"होतं. त्या वेळी आठवलं नाही."

मग तिनं विचारलं, "आन् तुमी ते खाल्लाव."

"हो."

"आमच्या लेकरास्नी बी चारलाव."

"हो."

आतून सून चहाचा कप घेऊन बाहेर आली. आत्यानं हात आडवा केला. "ने माघारी," ती म्हणाली.

तुम्ही आमच्याकडचे असाल तर त्याचा अर्थ तुम्हाला कळेल. जावयानं घर जाळलं तरी त्याला चहा मिळतो. दारात आलेल्या जावयाचा चहा परत जाणं मी बापजन्मी ऐकलं नव्हतं. सून घाबरून तशीच उभी राहिली. बायकोनं खाली बघितलं. आणि मला, खरं सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडं बरं वाटलं.

"कवापासून ठावं हाय तुमाला?" आत्यानं विचारलं.

"ईस्टरनंतर लगेच."

"आन् आज सांगायलाव." तिचा आवाज चढला. "रोज घागर वतते म्या. कंबर मोडती माझी. ह्या सुनेला म्या त्या पाण्यापायी बोलले, लेकराला डोईवरनं पाणी घातली म्हणून बोलले! आन् तुमी तिकडं लातुरात बसून... काय करत हुताव?"

"प्रार्थना करत होतो," मी म्हणालो.

हे ऐकल्यावर आत्या हसली. बरं हसणं नव्हतं ते. "प्रार्थना! आवो, खाणारानं प्रार्थना जेवायच्या अगुदर करायची असती."

मग ती उठली आणि घरात गेली. ती बाहेर येईना. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. मला माझा उपदेश आठवत होता. मशागत आणि राखण. मशागतीवर मी बरंच बोललो होतो. राखण हा शब्द मी नुसता म्हणून पुढं गेलो होतो. समोर बसलेले सगळे लोक शेतात राखणीला बसलेले. राखणीला बसलेल्या माणसानं काय करायचं नसतं, हे त्यांच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं, आणि मी त्यांना ओझोन सांगत होतो.

आत्या बाहेर आली ती खुरपं आणि रिकामी घागर घेऊन. घागर तिनं माझ्या हातात दिली. "चला," म्हणाली.

"कुठं?"

"गावात." म्हणजे जुन्या गावात. नव्या वस्तीला ती कधी गाव म्हणाली नाही.

बायकोनं तिच्या कानाशी विचारलं, "आत्या, तू तिकडं येणार?" कारण ती ते रोप आणल्यापासून परत तिथं गेलेली नव्हती. पोरानं कितीदा म्हटलं तरी नाही.

"मग ह्यांला एकट्याला सोडू? राहिलेली बी खाऊन येतील."

आम्ही उन्हात चालत गेलो. जुन्या गावात बाभळी माजल्या होत्या. ढिगांतून पायवाट काढत आत्या पुढं चालली होती, घागर घेऊन मी मागं. एका ढिगापाशी ती थांबली, पण वळून बघितलं नाही. ओढा कोरडा होता. शिंद्या मात्र होत्या, रांगेत, कुणाची वाट न बघता वाढलेल्या. त्यांच्या बुडाशी गवतासारखी पाती घेऊन रोपं आली होती. आत्या खाली बसली आणि बोट दाखवत गेली, मी खोदत गेलो. शिंदीचं मूळ खोल जातं. पहिलं रोप माझ्या हातून तुटलं. दुसरंही. आत्यानं फक्त जीभ टाळ्याला लावून आवाज केला. तिसऱ्याला मी हातानं माती काढत बसलो, सगळी दुपार. नखं गेली. ते मातीच्या गोळ्यासकट आलं. घागरीत बसवून मी ते डोक्यावर घेतलं.

परत येताना आत्या म्हणाली, "पाणी तुमी घालायचं. दर आयतवारी."

"रविवारी टेस्ट असते, आत्या."

"आयतवार कुणाचा असतो, जावईबापू?"

मी जीवशास्त्राचा. पण एवढा प्रश्न मलाही सुटला.

टेस्ट शनिवारी नेली. मालक कुरकुरला, काही पालकांनी पोरं दुसरीकडं घातली. मी दर रविवारी गेलो असं म्हणालो तर खोटं होईल. चुकायचो. चुकलो की आठवडाभर आत्याची सून पाणी घालायची आणि पुढच्या रविवारी अख्ख्या मंडळीसमोर आत्या मला विचारायची, "आलाव का? झाड इचारत हुतं." ते पहिलं रोप दुसऱ्या उन्हाळ्यात मेलं. परत ओढ्यावर गेलो, दोनदा. आता आहे ते तिसरं.

मेलेल्या शिंदीचा बुंधा नव्या रोपाशेजारी पुष्कळ दिवस तसाच होता. आत्यानं तो काढू दिला नाही. उपासनेला येता-जाता मला त्याला वळसा घालावा लागायचा. झावळ्यांच्या रविवारी त्या सगळ्या वर्षांत लोकांनी कडुलिंबाच्या डहाळ्या धरल्या. पाळकांनी एकदा अपराधी वाटून म्हटलं, शास्त्रात तर झावळ्या आहेत. आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, "प्रभूनं बसायला गाढव चालवून घेतलं, लिंब बी घेईल. आमचे जावई बी घेतलेच की." सगळं देऊळ हसलं. मीही हसलो. अशा वेळी हसावंच लागतं, नाहीतर लोक जास्त हसतात.

आत्याची नात मेडिकलला नाही गेली. दोन मार्कांनी की काय राहिली. आता नांदेडला शाळेत शिकवते. मुलांना शिंदी शिकवताना माझी गोष्ट सांगते म्हणे, माझं नाव न घेता. तेवढी मेहरबानी.

यंदा झावळ्यांच्या रविवारी ती आली होती. शिंदी आता माझ्या डोक्याच्या वर गेलीय. आत्यानं काठी टेकत झाडाभोवती एक चक्कर मारली आणि खालच्या दोन झावळ्या काढायला हरकत नाही असं सांगितलं. नवे पाळक आलेत. त्यांना अजून गोष्ट सांगायची राहिली होती. त्यांनी मोठ्या आदरानं विळा उचलून माझ्यापुढं धरला. "सर, हा मान जावयांचा."

"न्हाई!" अख्खी मंडळी एकदम ओरडली. अडीचशे पोरं खेळ खलास म्हणायची त्याहून मोठ्यानं. पाळकांच्या हातातला विळा पडलाच.

नातीनं तो उचलला. खालची एक झावळी कापली, दुसरी कापली, वर बघितलंसुद्धा नाही. एक तिनं देवळात नेली. दुसरी आत्याच्या हातात दिली. आत्यानं ती दोन्ही हातांनी धरून नाकाला लावली, जुन्या गावचा वास येतो का बघत असावी. मग पुढं येऊन माझ्यापुढं केली. मी हात पुढं केला, तर तिनं सोडली नाही.

"धरा," ती म्हणाली. "खाऊ नगा."